मेगाबिट की मेगाबाइट? डेटाच्या वेगाची एककं बदलण्याची रीत, पायरीपायरीने

जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची आहे असं कागदावर लिहिलेलं असतं. मोठी फाइल उतरवायला लावली की डाउनलोडच्या विंडोत आकडा दिसतो ११.२. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं, शंभर सांगितले आणि हातावर अकरा टेकवले. तो तक्रार करायला निघतो. पण त्या क्षणी ती जोडणी पूर्ण ताकदीने चाललेली असते. १०० आणि ११.२ हे एकाच वेगाचे दोन आकडे आहेत, आणि मधल्या फरकाचा पै न् पैचा हिशोब लागतो. हा हिशोब तुम्हाला स्वतःच्या हाताने कागदावर मांडता यावा म्हणून हे लिहितो आहे. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

पायरी १ : एकक अक्षर न् अक्षर वाचा

बहुतेक चुका गणितात होत नाहीत, वाचण्यात होतात. म्हणून आकड्याकडे नंतर बघा, आधी एकक वाचा.

बिट म्हणजे माहितीचा सर्वांत छोटा कण : शून्य किंवा एक. हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या शोधनिबंधात आला, आणि तो सुचवल्याचं श्रेय त्यांनी जॉन ट्युकी यांना दिलं. बाइट हा शब्द वर्नर बुकहोल्झ यांनी १९५६मध्ये आयबीएममध्ये काम करताना घडवला. आज बाइट म्हणजे आठ बिट हे आपण गृहीत धरतो. पण सुरुवातीच्या काळात सहा बिटांचे, नऊ बिटांचेही बाइट असत. दूरसंचाराच्या मानकांमध्ये म्हणूनच 'ऑक्टेट' असा शब्द मुद्दाम वापरलेला दिसतो. ऑक्टेट म्हणजे आठच, त्यात शंकेला जागा नाही.

तारेतून किंवा हवेतून जाताना बिट एकामागोमाग एक जातात. त्यामुळे जाळ्याचं, म्हणजे नेटवर्कचं, काम करणारी मंडळी वेग बिटांत मोजतात. फाइल मात्र संगणकात बाइटांनी साठवली जाते, म्हणून फाइलचा आकार आणि डाउनलोडचा वेग बाइटांत दाखवायची पद्धत पडली. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. त्या एकमेकींसमोर आल्या की आठाचा आकडा मधे उभा राहतो.

रोमन लिपीत लिहिताना हा फरक फक्त एका अक्षराच्या आकाराने दाखवतात. स्मॉल बी म्हणजे बिट, कॅपिटल बी म्हणजे बाइट. आणि इथे आपल्यासाठी एक खास अडचण आहे. देवनागरीत स्मॉल-कॅपिटल हा प्रकारच नाही. 'एमबी' लिहिलं की ते मेगाबिट की मेगाबाइट हे कळायला वाव राहत नाही, आणि बोलतानाही तेच : 'वीस एमबीची लाइन' आणि 'वीस एमबीची फाइल' यांत तोच शब्द आठपट वेगळा अर्थ घेऊन येतो. म्हणून माझा आग्रह असा की मराठीत लिहिताना 'एमबी', 'जीबी' ही आखूड रूपं वेगाच्या बाबतीत वापरूच नका. मेगाबिट, मेगाबाइट असं पूर्ण लिहा. चार अक्षरं जास्त जातात, पण पुढच्या माणसाचा तास वाचतो. या लेखातही मी तेच करणार आहे.

रोमनमध्येच आणखी एक बारीक गोष्ट. मेगाचा एम कॅपिटल असतो, स्मॉल एम म्हणजे मिली, म्हणजे हजारावा भाग. किलोचा के मात्र स्मॉल. लोक घाईत सगळंच स्मॉल लिहितात. संदर्भावरून मेगा हे समजून येतं, पण बी बिटाचा की बाइटाचा हे संदर्भावरूनही नेहमी कळत नाही. शंका आली तर अंदाज बांधू नका, विचारा.

पायरी २ : शून्यं मोजा

किलो, मेगा, गिगा, टेरा हे उपसर्ग हजार-हजारच्या उड्या मारतात. आपली मोजणी मात्र हजारानंतर शंभर-शंभरच्या उड्या मारते : हजार, लाख, कोटी, अब्ज. तोंडी हिशोब करताना नेमकं इथे एखादं शून्य निसटतं. म्हणून ही सांगड एकदा पाठच करून टाका :

१ किलोबिट = १ हजार बिट (३ शून्यं)
१ मेगाबिट = १० लाख बिट (६ शून्यं)
१ गिगाबिट = १०० कोटी, म्हणजे १ अब्ज बिट (९ शून्यं)
१ टेराबिट = १ लाख कोटी बिट (१२ शून्यं)

'मेगा म्हणजे लाख' आणि 'गिगा म्हणजे कोटी' असं मनात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्यात दहापट चूक होते आणि दुसऱ्यात शंभरपट.

पायरी ३ : सगळं आधी बिट-प्रति-सेकंदावर आणा

ही या लेखातली मुख्य गोष्ट. एककं वीस असली तरी वीस सूत्रं पाठ करायची गरज नाही. कुठलाही वेग दिला असो, आधी तो उतरवून बिट प्रति सेकंद करा. मग तिथून हव्या त्या एककापर्यंत चढा. उतरताना गुणाकार, चढताना भागाकार. वेळ मिनिटात, तासात किंवा दिवसात दिली असेल तर तिचे सेकंद करून घ्या.

उदाहरण घेऊ. एक डिस्क सेकंदाला ३५० मेगाबाइट वाचते. ती वाचताना जाळ्यावरून पाठवायची तर किती गिगाबिटची जोडणी लागेल?

३५० मेगाबाइट × ८ = २,८०० मेगाबिट
२,८०० ÷ १,००० = २.८ गिगाबिट प्रति सेकंद

म्हणजे एक गिगाबिटची जोडणी अपुरी पडेल, आणि डिस्क तिच्यासाठी थांबून राहील.

आता जरा वाकडं उदाहरण. एका कामात ताशी ४८ गिगाबाइट डेटा हलतो. हा वेग मेगाबिट प्रति सेकंदात किती?

४८ गिगाबाइट × ८ = ३८४ गिगाबिट, हे एका तासात
३८४ × १,००० = ३,८४,००० मेगाबिट
३,८४,००० ÷ ३,६०० = १०६.६७ मेगाबिट प्रति सेकंद

प्रत्येक ओळीत एकच गोष्ट बदलली आहे हे लक्षात घ्या : आधी बाइटाचे बिट, मग गिगाचे मेगा, मग तासाचे सेकंद. एका ओळीत दोन बदल केले की चूक कुठे झाली ते सापडत नाही. प्रत्येक ओळीत आकड्यापुढे एकक लिहा. कंटाळा येतो हे मान्य, तरी लिहा.

हे इतकं जोर देऊन सांगतो त्याला कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत मला कुणीतरी विचारलं, ५०० गिगाबाइटचा बॅकअप १०० मेगाबिटच्या लाइनवरून दुसरीकडे न्यायचा आहे, किती वेळ लागेल? मी मनातल्या मनात ५,००,००० भागिले १०० केलं आणि सांगून टाकलं, ५,००० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत. संध्याकाळी काम सुरू केलं. रात्री उशिरा पाहिलं तर पट्टी अर्ध्यावरही आलेली नव्हती. खरा हिशोब असा होता :

५०० गिगाबाइट × ८ = ४,००० गिगाबिट = ४०,००,००० मेगाबिट
४०,००,००० ÷ १०० = ४०,००० सेकंद
४०,००० ÷ ३,६०० = ११.१ तास

अकरा तास, आणि तेही लाइन एक क्षणही रिकामी न राहता. माझ्या शब्दावर विसंबून सकाळी ज्यांना ती यंत्रं वापरायची होती त्यांचा अर्धा दिवस गेला. आठाने गुणायचं राहिलं होतं, बस. तेव्हापासून मी हा हिशोब तोंडी करत नाही.

पायरी ४ : हजार की १०२४, हे ठरवा

संगणकाची स्मृती दोनाच्या घातांत बांधलेली असते. दोनाचा दहावा घात १,०२४ हा हजाराच्या जवळ आहे म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. किलोपुरता फरक २.४ टक्के होता, त्याने कुणाचं अडत नव्हतं. पण उपसर्ग वर चढला की फरक वाढत जातो : मेगाला जवळजवळ ४.९ टक्के, गिगाला ७.४, टेराला जवळपास १० टक्के.

हा घोळ मिटवायला आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८मध्ये वेगळी नावं मान्य केली. १,०२४ बाइटांना किबीबाइट, १०,४८,५७६ बाइटांना मेबीबाइट, १,०७,३७,४१,८२४ बाइटांना गिबीबाइट. नावं कानाला सवयीची नाहीत, आणि सगळ्यांनी ती घेतलेलीही नाहीत. विंडोज अजून फाइलचा आकार १०२४ने भागून काढतं आणि समोर नाव मात्र मेगाबाइट-गिगाबाइटचंच छापतं. मॅकने २००९पासून हजाराची मोजणी घेतली. त्यामुळे एकच फाइल दोन यंत्रांवर दोन आकारांची दिसते, फाइलमध्ये मात्र एक बाइटही कमी-जास्त नसतो.

एक थराची डीव्हीडी ४.७ गिगाबाइटची म्हणतात, ती हजाराच्या मोजणीने. १०२४च्या मोजणीने तीच ४.३८ भरते. जुनी १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी तर याहून विचित्र. तिच्यात १,४४० × १,०२४ बाइट मावत, म्हणजे तिचा 'मेगा' हजार गुणिले १०२४ असा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा होता. जगातल्या कोणत्याच मानकात तो बसत नाही.

नवख्याने लक्षात ठेवायचं ते इतकंच : जाळ्याचा आणि दूरसंचाराचा वेग नेहमी हजाराच्या मोजणीने असतो. १०० मेगाबिट म्हणजे नेमके १० कोटी बिट. १०२४चा संबंध फक्त स्मृतीशी आणि काही प्रोग्रामांच्या पडद्यावरच्या आकड्यांशी येतो.

आता सुरुवातीचं कोडं अर्धं सोडवू.

१०० मेगाबिट = १०,००,००,००० बिट
÷ ८ = १,२५,००,००० बाइट, म्हणजे १२.५ मेगाबाइट
१,२५,००,००० ÷ १०,४८,५७६ = ११.९२ मेबीबाइट

शंभराचे ११.९२ झाले. विंडोत ११.२ होते. उरलेला ०.७ कुठे गेला?

पायरी ५ : लाइनीचा वेग आणि हाती येणारा वेग वेगळा काढा

तो पाकिटांवर गेला. इथपर्यंत आपण एकक बदलत होतो, आता आपण काय मोजतो आहोत तेच बदलणार आहे. पुष्कळ मार्गदर्शकांत हा भाग गाळलेला असतो, आणि मग वाचकाला वाटतं की आपलंच गणित चुकतंय.

इथरनेटवरून, म्हणजे तारेने जोडलेल्या जाळ्यावरून, डेटा १,५०० बाइटांच्या गठ्ठ्यांनी जातो; हीच ती पाकिटं. प्रत्येक गठ्ठ्याला पत्ता वगैरेचे १४ बाइट आणि तपासणीचे ४ बाइट लागतात. गठ्ठा सुरू होतोय हे सांगायला ८ बाइटांचा इशारा असतो, आणि दोन गठ्ठ्यांमध्ये १२ बाइट जातील इतकी मोकळी जागा सोडावी लागते. लाइनीवर एकूण जागा अडली १,५३८ बाइटांची. त्या १,५०० मध्येही सगळी फाइल नसते. २० बाइट आयपीच्या (पत्त्यावर पोचवण्याच्या नियमांच्या) शीर्षाला, २० टीसीपीच्या (क्रम आणि पोच सांभाळणाऱ्या नियमांच्या) शीर्षाला आणि बहुतेक यंत्रांवर आणखी १२ वेळेच्या शिक्क्याला जातात. फाइलच्या वाट्याला उरले १,४४८.

१,४४८ ÷ १,५३८ = ०.९४१

म्हणजे १०० मेगाबिटमधले ९४.१ मेगाबिट खऱ्या फाइलचे. ९४.१ ला ८ ने भागलं की ११.७७ मेगाबाइट, आणि त्याचे मेबीबाइट केले की ११.२२. विंडोत दिसलेला आकडा हाच. लाइनीत एकही बिट वाया गेलेला नाही.

एक गिगाबिटच्या इथरनेटला हेच प्रमाण लागू पडतं : फाइलला साधारण ९४१ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ११७-११८ मेगाबाइट. इतका वेग मिळत असेल तर तारा बदलायला जाऊ नका, त्याहून जास्त त्यातून निघणार नाही. वायफायचं मात्र असं ठरलेलं प्रमाण सांगता येत नाही. तिथे हवा सगळ्यांची सामाईक असते, एका वेळी एकानेच बोलायचं असतं, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या जोडणीच्या वेगापेक्षा हाती येणारा वेग बराच कमी असतो.

काही ठिकाणी आठाऐवजी दहाने भागावं लागतं, तेही याच कारणाने. साटा म्हणजे डिस्क संगणकाला जोडायची पद्धत; तिची तिसरी पिढी सेकंदाला ६ गिगाबिटची. आठाने भागलं तर ७५० मेगाबाइट येतात, पण डिस्कच्या माहितीपत्रकात ६००च्या वर कुणी जात नाही. कारण तारेवर प्रत्येक आठ बिटांचा संकेत दहा बिटांनी पाठवतात. ६,००० भागिले १० बरोबर ६००. संगणक आणि छोट्या उपकरणांमधल्या सिरीअल पोर्टचंही तसंच : आठ बिटांच्या आधी एक सुरुवातीचा, शेवटी एक थांबण्याचा. म्हणून ९,६००च्या वेगाला सेकंदाला ९६० बाइट, आणि १,१५,२०० ला ११,५२० बाइट.

बॉड आला तर थांबा

सिरीअल पोर्टच्या सेटिंगमध्ये 'बॉड' हा शब्द दिसतो आणि तो बिट-प्रति-सेकंदाचं दुसरं नाव आहे असा समज होतो. फ्रेंच तारयंत्र-अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून हे एकक आलं, आणि ते तारेवरचा संकेत सेकंदात किती वेळा बदलतो हे मोजतं. एका बदलात एकच बिट जात असेल तर बॉड आणि बिट सारखे पडतात. सिरीअल पोर्टवर तसंच असतं, म्हणून तिथे गोंधळ खपून जातो. पण व्ही ३२ या मानकाचे जुने मोडेम २,४०० बॉडवर ९,६०० बिट पाठवायचे, एका बदलात चार. तांब्याच्या गिगाबिट इथरनेटमध्ये चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी बदल, आणि प्रत्येक बदलात दोन बिट. १२.५ × ४ × २ म्हणजे १०० कोटी, नेमका एक गिगाबिट. तेव्हा बॉडचे बिट करायचे तर एका बदलात किती बिट हे माहीत असावं लागतं. ते माहीत नसेल तर रूपांतर होतच नाही.

दूरसंचाराची शिडी : ६४ पासून वर

दूरसंचारात शिरलात की २.०४८, १.५४४, १५५.५२ असे अवघडलेले आकडे भेटतात. ते पाठ करू नका, बांधून बघा. एकदा बांधले की विसरत नाहीत, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

टेलिफोनवरचा आवाज ४,००० हर्ट्झच्या आत बसवतात. तो अंकांत पकडायचा तर दुप्पट वेळा, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा मोजावा लागतो. प्रत्येक मोजणीला ८ बिट.

८,००० × ८ = ६४,००० बिट, म्हणजे ६४ किलोबिट प्रति सेकंद

हा एका आवाजाचा मार्ग, सगळ्या शिडीची पहिली पायरी. सेकंदाला ८,००० म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांना एक फेरी. ही फेरी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

ई१ या लाइनीत एका फेरीत ३२ खाने जातात, प्रत्येकी ८ बिट. ३२ × ८ = २५६ बिट, गुणिले ८,००० बरोबर २०,४८,००० बिट. हाच तो २.०४८ मेगाबिट. इथे २०४८ दिसलं की संगणकवाले लगेच म्हणतात, हे १०२४च्या दुपटीतलं दिसतंय. तसं काही नाही. ३२ ला ६४ ने गुणल्यावर २,०४८ येतात, आणि किलो हा हजाराचाच आहे.

उत्तर अमेरिकेतल्या टी१ मध्ये २४ खाने, आणि फेरी कुठे सुरू झाली हे ओळखायला एक जादा बिट. २४ × ८ + १ = १९३, गुणिले ८,००० बरोबर १५,४४,०००. म्हणजे १.५४४ मेगाबिट.

याच्या वरच्या जुन्या पायऱ्या मात्र सरळ गुणाकाराने येत नाहीत. चार ई१ एकत्र केले की ८.१९२ व्हायला हवेत, पण ई२ चा वेग ८.४४८ आहे. वेगवेगळ्या ठिकाणाहून येणाऱ्या लाइनींची घड्याळं किंचित पुढेमागे असतात. ती जुळवायला भरतीचे बिट घालावे लागतात, तो हा फरक. ई३ चा ३४.३६८ आणि टी३ चा ४४.७३६ हे आकडेही तसेच. म्हणून 'एका टी३ मध्ये किती टी१' याचं उत्तर भागाकाराने काढू नका. भागाकार २८.९७ देतो, प्रत्यक्षात बसतात २८.

पुढे सगळ्या जाळ्याचं घड्याळ एक करण्यात आलं आणि शिडी पुन्हा सरळ झाली. या नव्या शिडीची पहिली पायरी एसटीएम-१. तिची फेरी ९ ओळी आणि २७० स्तंभांची, प्रत्येक घरात एक बाइट.

९ × २७० = २,४३० बाइट
× ८ = १९,४४० बिट
× ८,००० = १५,५५,२०,००० बिट, म्हणजे १५५.५२ मेगाबिट

इथून वर चक्क चारपटीने चढा : एसटीएम-४ ला ६२२.०८, एसटीएम-१६ ला २,४८८.३२, एसटीएम-६४ ला ९,९५३.२८ मेगाबिट. शेवटच्याला बोलताना सगळे 'दहा गिग' म्हणतात, हिशोब करताना तसं म्हणू नका. अमेरिकी पद्धतीतला ओसी-१ हा एसटीएम-१ चा तिसरा भाग, ५१.८४. त्यामुळे ओसी-३ आणि एसटीएम-१ यांचा वेग एकच.

वेगावरून वेळ, वेळेवरून साठा

रोजच्या कामात खरा प्रश्न असतो 'किती वेळ लागेल' किंवा 'महिन्यात किती जाईल'. त्यासाठी मी तीन आकडे हाताशी ठेवतो. लाइन अखंड भरून वाहत असेल तर सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे :

तासाला ०.४५ गिगाबाइट
दिवसाला १०.८ गिगाबाइट
तीस दिवसांना ३२४ गिगाबाइट

पहिला कुठून आला ते बघा : १० लाख बिट भागिले ८ बरोबर १,२५,००० बाइट, गुणिले ३,६०० बरोबर ४५ कोटी बाइट. बाकीचे दोन त्यालाच २४ ने आणि मग ३० ने गुणून. मघाचं ताशी ४८ गिगाबाइटचं उदाहरण यावर घासून बघा : ४८ ÷ ०.४५ = १०६.६७. जुळलं.

५ मेगाबिटचा व्हिडिओ तासभर पाहिला तर ५ × ०.४५, म्हणजे सव्वादोन गिगाबाइट. १२८ किलोबिटची गाणी तासभर ऐकली तर १२८ × ०.४५ = ५७.६ मेगाबाइट. आकडा तोच ०.४५, फक्त मेगाबिटच्या जागी किलोबिट आले तर उत्तर गिगाऐवजी मेगाबाइटमध्ये येतं. रात्रीचे आठ तास २० मेगाबिटने फाइली वर चढवल्या तर २० × ०.४५ × ८ = ७२ गिगाबाइट चढतील.

वेळ काढायची तर उलटं. ती ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी ५० मेगाबिटने उतरवायची :

४.७ × ८ = ३७.६ गिगाबिट = ३७,६०० मेगाबिट
३७,६०० ÷ ५० = ७५२ सेकंद
पाकिटांचा खर्च धरून ७५२ ÷ ०.९४ = ८०० सेकंद

सव्वातेरा मिनिटांच्या किंचित वर. कुणाला सांगायचं असेल तर मी पंधरा सांगतो.

उत्तर तपासायचं कसं

उलटं जाऊन बघा. मेगाबिटचे मेगाबाइट केले असतील तर आठाने गुणून मूळ आकडा परत येतोय का? बाइटांतला आकडा बिटांतल्या आकड्यापेक्षा नेहमी लहान हवा. मोठा आला असेल तर भागायच्या जागी गुणलंय.

इंटरनेटवरची आयती रूपांतर-यंत्रं वापरायला हरकत नाही, पण पहिल्यांदा त्यांची परीक्षा घ्या. १ मेगाबिटचे किलोबिट विचारा. उत्तर १,००० आलं तर पुढे जा. १,०२४ आलं तर ते यंत्र वेगासाठी चुकीची मोजणी वापरतंय, बंद करा. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर एकक पूर्ण लिहा, आणि ८, १,००० आणि १०,४८,५७६ हे आकडे सूत्रात पुरून न ठेवता वेगळ्या घरांत ठेवा. सहा महिन्यांनी कुणी उघडून पाहिलं तर कुठे काय केलंय ते दिसेल.

आता एक गणित तुमच्यासाठी, उत्तर खाली दिलं आहे पण आधी कागद घ्या. एक ई१ लाइन दिवसभर अखंड भरून चालली. तिच्या ३२ खान्यांपैकी एक फेरी जुळवण्यासाठी राखून ठेवलेला आहे, बाकीच्या ३१ मधून डेटा जातो. दिवसात किती गिगाबाइट डेटा गेला?

३१ × ६४ = १,९८४ किलोबिट = १.९८४ मेगाबिट
१.९८४ × १०.८ = २१.४३ गिगाबाइट

२२.१२ आलं असेल तर तुम्ही ३२ खाने धरले. १७१.४ आलं असेल तर आठाने भागायचं राहिलं, पायरी ३ पुन्हा बघा.